नोंदणीकृत पत्ता

"झोपलेत ते," पद्मलवहिनी म्हणाल्या.

दार अर्धंच उघडलं होतं आणि उरलेल्या अर्ध्यात त्या स्वतः उभ्या होत्या. ऊन चांगलं वर आलं होतं. माझा थोरला भाऊ, श्रीपालअण्णा, आयुष्यात कधी उजाडल्यावर अंथरुणात राहिलेला मला आठवत नव्हता.

"बरं नाही का त्याला?"

"रात्री डोकं दुखत होतं. तुम्ही कळवून यायचं होतं, भावजी."

"कळवलं होतं. अण्णाच नको म्हणाला."

उंबऱ्याशी पुरुषी चपलांचा जोड ठेवलेला होता. मी बूट काढायला वाकलो तेव्हा पाहिलं, तर त्या चपलांच्या पट्ट्यांवर धुळीचा थर बसला होता. रोज पायात जाणाऱ्या चपलेचा तळवा मळतो, वरच्या पट्ट्यावर अशी धूळ साचत नाही. मी काही विचारलं नाही. पण त्या क्षणापासून मी त्या घरातली प्रत्येक गोष्ट संशयानंच बघायला लागलो.

मी जयसिंगपूरला का आलो होतो ते सांगायला हवं. आम्हा दोघा भावांची फवारणी पंपांची पितळी नोझलं करणारी छोटी कंपनी होती. कारखाना पुण्याला, भोसरीत. पण कंपनी काढली तेव्हा आमच्याकडे स्वतःची जागा एकच होती, ती म्हणजे जयसिंगपूरच्या नवव्या गल्लीतलं वडिलांचं घर. म्हणून सरकारदरबारी कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय म्हणून त्या घराची बाहेरची खोली लागली, ती लागलीच. संचालक आम्ही दोघे. दरवर्षी कंपनीचा वार्षिक अहवाल सरकारकडे भरावा लागतो. हिशेबावर दोघांच्याही सह्या लागतात. मी कागद कुरिअरनं जयसिंगपूरला पाठवायचो, अण्णा सही करून परत पाठवायचा. भेटगाठ नाही, फोन नाही.

कारण आमचं फिसकटलं होतं. अण्णाला कंपनी बंद करायची होती. चिनी माल आलाय, ह्यात आता राम नाही, असं त्याचं म्हणणं. मला चालवायची होती. एके दिवशी कामगारांच्या देखत तो म्हणाला, "तू बुडशील आणि मलाही घेऊन बुडशील." मग बॅग उचलून वहिनींना घेऊन जयसिंगपूरला निघून गेला. त्यानंतर मी त्या घरी पाऊल टाकलं नाही. नातेवाइकांच्या लग्नांनाही जायचं टाळलं. फोन केला तर तो उचलायचा नाही. मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप पाठवला की उत्तर यायचं, दोन-चार शब्दांचं. "कागद मिळाले." "सही करून पाठवतो." एवढंच.

एकदाच त्यानं जरा मोठं लिहिलं होतं. माझ्या पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं होतं आणि कागद का उशिरा जातायत ते सांगताना मी ते सहज कळवलं. उत्तर आलं, "दवाखान्यात एकटा जाऊ नकोस. कुणाला तरी घेऊन जा. आणि डॉक्टर म्हणतील तेवढे दिवस पडून राहा, कारखाना पळून जात नाही." माझं लग्न झालेलं नाही. असं मला सांगणारं दुसरं कुणी नव्हतं. तो निरोप वाचल्यावर माझा निम्मा राग उतरला होता.

त्या वर्षी सरकारनं नवीन नियम काढला. कागदोपत्री कंपन्या शोधून काढण्यासाठी प्रत्येक कंपनीनं आपल्या नोंदणीकृत कार्यालयाचे फोटो द्यायचे. एक बाहेरून, एक आतून, आणि आतल्या फोटोत निदान एक संचालक दिसलाच पाहिजे. आमचं हे सगळं काम बघणाऱ्या हर्डीकर मॅडमनी बजावलं, "मगदूमसाहेब, हे झालं नाही तर कंपनीवर 'नियम न पाळणारी' असा शिक्का बसेल आणि पुढचं काहीच भरता येणार नाही."

मी अण्णाला कळवलं. दुसऱ्याच दिवशी फोटो आले. एकात दारावरचा कंपनीचा बोर्ड, एकात रिकामं टेबल. माणूस नाहीच. "तू खुर्चीत बसून काढ," मी लिहिलं. उत्तर आलं, "माझा फोटो नको." मग मी लिहिलं, "मीच येतो." उत्तर आलं, "आत्ता येऊ नकोस. घराचं काम काढलंय. पुढच्या महिन्यात बघू."

पुढच्या महिन्यात मुदत संपत होती. अण्णाला ते ठाऊक नसेल असं कसं होईल? माझ्या मनात आलं, ह्याला हवं होतं ते आता आपसूक होतंय. एक फोटो अडवून धरला की कंपनी बंद. भांडण नको, तंटा नको. मी पुन्हा न कळवता गाडी काढली आणि निघालो.

आणि आता मी दारात उभा होतो. घराचं काम काढल्याची कुठं खूण नव्हती. सिमेंट नाही, वाळू नाही, रंगाचा डबा नाही.

"मला फक्त बाहेरच्या खोलीत पाच मिनिटं बसायचंय, वहिनी. एक फोटो काढतो आणि जातो. अण्णाला उठवू नका."

"खोलीची किल्ली त्यांच्याकडं असते."

"मग उठवा."

"डोकं दुखतंय म्हटलं ना?"

आमचा आवाज चढला असावा. समोरच्या ओट्यावरून कुणीतरी हाक मारली, "कोण, सन्मती काय रे?"

नेमगोंडा हुक्केरीकाका. वडिलांचे जुने स्नेही. लहानपणी त्यांच्या अंगणात आम्ही विटीदांडू खेळायचो. मी रस्ता ओलांडून त्यांच्याकडे गेलो. पाठीमागे वहिनींनी दार लावून घेतल्याचा आवाज आला.

काकांनी मला जवळ बसवलं, तोंडभरून चौकशी केली. मग म्हणाले, "पण एकटाच आलास होय? श्रीपालला का नाही आणलंस? गड्यानं तुझ्या कारखान्यात एवढं मान घालून काम करावं की गावाकडं एक फेरी नाही?"

मी काकांच्या तोंडाकडे बघत राहिलो.

"अण्णा कुठं असतो म्हणालात?"

"कुठं म्हणजे? पुण्यात, तुझ्याकडं. पद्मल सांगते की. तुमचं मिटलं, दोघं भाऊ पुन्हा एकत्र आलात, म्हणून केवढं समाधान वाटलं बघ. बिचारी एकटीच राहती, पण तक्रार नाही." काका थांबले. "का रे? असं का बघतोस?"

"काही नाही," मी म्हणालो. "कामात असतो तो."

का खोटं बोललो ते मला आजही नीट सांगता येणार नाही. बहुधा, पूर्ण कळल्याशिवाय गल्लीत काही पसरू नये असं वाटलं असेल. मी पुण्यात बसून समजत होतो की अण्णा जयसिंगपुरात आहे. जयसिंगपूर समजत होतं की तो माझ्याकडे पुण्यात आहे. मग अण्णा होता कुठे? आणि दरवर्षी कंपनीच्या हिशेबावर कुणाची सही येत होती?

रस्ता ओलांडताना नको ते सगळं मनात आलं. फोन न उचलणं. फोटोला नकार. दारातल्या त्या चपला. घर आमच्या दोघांच्या नावावर होतं. अण्णा ह्या जगात नसेल आणि कुणी त्याला कागदावर तेवढा जिवंत ठेवत असेल तर? पद्मलवहिनी तशी बाई नव्हती. पण तशी बाई कशी असते हे मला तरी कुठं माहीत होतं?

मी दार वाजवलं नाही, ढकललंच. वहिनींनी कडी लावलेली नव्हती. त्या आतल्या पायरीवर बसल्या होत्या, मी येणार हे माहीत असल्यासारख्या.

"काका बोलले ना?"

"अण्णा कुठंय, वहिनी?"

"बसा."

"बसत नाही. आधी सांगा, आहे ना तो?"

त्यांना माझ्या प्रश्नाचा अर्थ कळायला जरा वेळ लागला. मग त्यांचा चेहरा असा झाला की मला माझीच लाज वाटली. "अगबाई," त्या हळूच म्हणाल्या, "तुम्हाला असं वाटलं होय?"

त्या उठल्या, कमरेची किल्ली काढून बाहेरच्या खोलीचं कुलूप उघडलं. किल्ली त्यांच्याकडेच होती. मी आत गेलो. आमच्या कंपनीचं टेबल भिंतीला सरकवलं होतं. त्यावर हेल्मेटं मांडलेली. भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचा मोठा तक्ता आणि एक फलक: 'महिलांसाठी स्कूटर शिकवणी. चालक : सौ. पद्मल मगदूम.'

"हे तुम्ही...?"

"शाळेच्या मैदानावर शिकवतो बायकांना. सकाळी सकाळी." आमच्याकडच्या बायका बोलतात तसं त्या 'शिकवते' न म्हणता 'शिकवतो' म्हणत होत्या. "तुम्ही फोटो मागितला तसा कंपनीचा बोर्ड माळ्यावरनं काढून दारावर लावला आणि फोटो झाल्यावर परत काढला. पण माणूस कुठनं आणू?"

"अण्णा, वहिनी."

"दावणगेरेला." त्या खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या. "पुण्याहून आल्यावर वर्षभर घरात नुसते बसून होते. मग मोटार रिवाइंडिंगचं काम मिळालंय म्हणून गेले. पहिल्यांदा दर पंधरवड्याला यायचे, मग महिन्यानं, मग नाहीच. जाताना फोन इथंच टाकून गेले, नवीन घेतो म्हणून. मी एकदा गेलो बघायला. दुकान सापडलं. पलीकडच्या बाजूला रसाच्या गाड्यामागं थांबलो. दुपारी एक बाई डबा घेऊन आली. तिच्या कडेवर पोर होतं. यांनी ते घेतलं, खांद्यावर बसवलं आणि डबा उघडला." त्या थांबल्या. "मी रस्ता ओलांडला नाही. आलेल्या एस.टी.नं परत आलो."

"आणि आम्हाला कुणालाच सांगितलं नाही?"

"कुणाला सांगू? माहेरी भाऊ नाही. गल्लीत सांगितलं असतं तर रोज एकेक बाई दारात आली असती, डोळे पुसायला. म्हणून म्हटलं, पुण्याला भावाकडं असतात."

"मला तरी सांगायचं."

"तुम्हाला?" पहिल्यांदाच त्यांचा आवाज कडक झाला. "घर तुमच्या दोघांच्या नावावर. तुमचं-त्यांचं वैर. ते गेले हे कळल्यावर तुम्ही काय केलं असतं, हे मला कसं कळणार? कुलूप घेऊन आला असता तर मी कुठं जाणार होतो?"

"म्हणून सह्या तुम्ही केल्या."

"सही नसती आली तर तुम्ही आला असता. आता आलात तसं. यांची सही सोपी हाय, मगदूममधला 'म' तेवढा मोठा." त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. "गुन्हा हाय ना तो?"

"आहे."

"माहीत होतं मला."

मला तेव्हा दुसरंच काही विचारायचं होतं. "ऑपरेशनच्या वेळी निरोप आला होता. एकटा जाऊ नकोस म्हणून. तो..."

"घरात दुसरं कोण होतं, भावजी?"

मी कंपनीच्या टेबलापाशी बसलो. बाहेर शाळेतून परतणाऱ्या पोरींचा गलका गेला.

खरं सांगतो, एवढं ऐकूनही माझा संशय पुरता फिटला नव्हता. इतकी वर्षं जिनं एक सही हुबेहूब उठवली, तिला एक गोष्ट रचणं अवघड होतं का? त्यांनाही ते कळलं असावं. एका कागदावर त्यांनी दुकानाचा पत्ता लिहून माझ्यापुढे सरकवला. "जाऊन बघून या. तुमच्या जागी मी असतो तर मीपण विश्वास ठेवला नसता."

मी तिथूनच दावणगेरेला गेलो.

दुकान बाजाराच्या मागच्या बोळात होतं. अण्णा स्टुलावर बसून तांब्याची तार गुंडाळत होता. केस पार पांढरे झालेले. मला बघून तो उठला नाही. तार हातात तशीच धरून म्हणाला, "कोण गेलं?"

"कुणी नाही."

"मग?"

"कंपनीचा अहवाल भरायचाय."

त्याला हसू आलं आणि तोंड फिरवून त्यानं ते लपवलं. मला आमचं लहानपण आठवलं आणि मग तितकाच संताप आला. मी सगळं सांगितलं. दरवर्षीच्या सह्या, निरोप, पुण्यात असल्याची थाप. तो ऐकत होता. शेवटी एवढंच म्हणाला, "मी इथं आहे हे तिला सांगू नकोस."

"तिनंच पत्ता दिलाय. ती येऊन गेलीय. रस्त्यापलीकडं उभी होती. तू पोराला खांद्यावर घेतलं होतंस."

तारेचं वेटोळं त्याच्या हातातून सुटलं आणि फरशीवर उलगडत गेलं. त्यानं ते उचललं नाही.

"काही बोलली?"

"तुझ्याबद्दल? नाही."

त्यानं संचालकपदाचा राजीनामा लिहून दिला. मागच्या सह्या आपल्या संमतीनं झाल्या, त्याबद्दल आपली तक्रार नाही, हेही दुसऱ्या कागदावर लिहिलं. घराबद्दल विचारलं तर म्हणाला, "मला कुठल्या तोंडानं हवंय?" पण घराचा हक्क सोडल्याच्या कागदावर सही करताना मात्र थांबला, आणि म्हणाला, "नंतर बघू." त्या "नंतर बघू"नं मला माझा भाऊ पूर्ण कळला. मी चहा न घेता निघालो.

परतताना पुन्हा नवव्या गल्लीत थांबलो. खोलीत कंपनीचा बोर्ड लावून, हेल्मेटं बाजूला करून, मी फोटोसाठी खुर्चीत बसलो. फोटो वहिनींनीच काढला. हर्डीकर मॅडमना मी काहीही न लपवता सगळं सांगितलं. त्या डोक्याला हात लावून बसल्या. जुने कागद निस्तरायला मला पुढं पुष्कळ धावपळ करावी लागली, पण अहवाल मुदतीत गेला आणि कंपनी राहिली.

रिकामी झालेली संचालकाची जागा मी वहिनींना देऊ केली. मला वाटलं होतं, त्यांना आनंद होईल.

"नको," त्या फोनवर म्हणाल्या. "तुमच्या कंपनीचं मला काय करायचंय? इतकी वर्षं सही केली ती घरात राहायला मिळावं म्हणून. काही करायचंच असेल तर तुमच्या वाटणीचं घर माझ्या नावानं करा. नाही केलं तरी चालेल. पण मधलं काही नको."

बोलणं रोखठोक होतं. मला ते आधी लागलं, मग पटलं. मी बक्षीसपत्राचा मसुदा करून पाठवला. त्यांनी तो आपल्या ओळखीच्या एका वकीलबाईंना दाखवला आणि तीन ठिकाणी बदल सुचवून परत पाठवला. दुसरा मसुदाही त्यांनी ठेवून घेतला, वाचला, पुन्हा कुणालातरी विचारलं. त्यांचा माझ्यावर विश्वास बसला नव्हता, आणि बसावा असं मी तरी काय केलं होतं?

दस्त नोंदवायला आम्ही शिरोळच्या कार्यालयात गेलो. त्या स्वतःच्या स्कूटरवरून आल्या, मी मागून गाडीनं. आत गर्दी होती. जयसिंगपूरचे दोन-तीन ओळखीचे चेहरेही बाकावर बसले होते. हुक्केरीकाका साक्षीदार म्हणून आले होते. त्यांना मी वहिनींच्या परवानगीशिवाय काही सांगितलं नव्हतं आणि वहिनींनी परवानगी दिली नव्हती.

आमची पाळी आली. संगणकासमोरच्या कारकुनानं मान वर न करता विचारलं, "देणारे?"

"सन्मती मगदूम."

"घेणाऱ्या?"

"पद्मल मगदूम."

"नातं?"

"भावजय," मी म्हणालो.

"दुसरे सहमालक श्रीपाल मगदूम, हे कोण?"

"माझे भाऊ."

"म्हणजे बाईंचे मिस्टर. ते आलेत का? कुठं असतात?"

मी तोंड उघडलं. पुण्याला, असं म्हणणार होतो. काका शेजारीच उभे होते. वहिनींनी माझ्या दंडावर हात ठेवून मला थांबवलं.

"सोडून गेले," त्या म्हणाल्या. स्पष्ट, बाकावरच्या माणसांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "दुसरीकडं संसार केलाय त्यांनी. मी एकटीच राहतो."

काकांनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. बाकावरची एक बाई पुढं झुकली. कारकून टाइप करत होता. त्याची बोटं थांबलीसुद्धा नाहीत.

"त्यांच्या वाटणीचा ह्यात संबंध नाही, तेव्हा चालेल," तो म्हणाला. "बाई, कॅमेऱ्याकडं बघा. आता अंगठा ठेवा इथं. दाबा. झालं. पुढचे कोण?"

आम्ही बाजूला झालो. काका पुढं आले आणि त्यांनी वहिनींच्या डोक्यावर हात ठेवला. वहिनी अंगठ्याकडे बघत होत्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत मला संशय दिसला नाही, नुसतं नवल होतं.

"झालं?" त्या म्हणाल्या. "एवढंच?"